न्यू जर्सीत धंद्याच्या जागेसाठी झोनिंग व्हेरियन्स: लीजच्या आधीपासून निकालापर्यंत

एडिसन-इझलिनच्या ओक ट्री रोडवर किंवा जर्सी सिटीच्या न्यूअर्क अव्हेन्यूवर गाळा बघायला निघालेली आपली माणसं भाडं विचारतात, पार्किंग बघतात, समोरून किती गिऱ्हाईक जातं याचा अंदाज घेतात. त्या जागेत आपला धंदा करायला टाउनशिपची मुभा आहे का, हे मात्र पुष्कळदा लीजवर सही झाल्यावर विचारलं जातं. तोवर भाडं सुरू झालेलं असतं आणि झोनिंग ऑफिसरचं नकाराचं पत्र हातात पडतं. त्यातून पुढे जायची वाट आहे, तिला व्हेरियन्स म्हणतात. पण ती काही महिन्यांची आणि बऱ्याच खर्चाची वाट आहे. हा लेख वकिलाची जागा घेणार नाही. वकिलासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं आणि तो जे सांगेल त्याचा अर्थ काय, एवढं कळावं म्हणून लिहिला आहे.

गावाच्या कोणत्या भागात कोणता उपयोग आणि केवढं बांधकाम चालेल, हे ठरवणारे नियम म्हणजे झोनिंग. टाउनशिपच्या झोनिंगच्या नियमातून एका ठरावीक जमिनीपुरती मिळणारी सूट म्हणजे व्हेरियन्स. नियम तसाच राहतो, नकाशावरचा झोनही तसाच राहतो. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीचे झोनिंगचे नियम वेगळे. एडिसनमध्ये चालणारा धंदा एडिसनने चहूबाजूंनी वेढलेल्या मेटचनमध्ये चालेलच असं नाही. व्हेरियन्स मागायची रीत आणि त्याच्या कसोट्या मात्र राज्यभर एकच आहेत, कारण त्या म्युनिसिपल लँड यूज लॉ या राज्याच्या कायद्यातून येतात. हा कायदा १९७५ साली झाला आणि १ ऑगस्ट १९७६ पासून लागू आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने एक सवय आधी बाजूला ठेवावी. तिकडे विकास आराखड्यात फेरबदल हवा असेल तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाचं कलम ३७ लागतं आणि शेवटची मंजुरी शासनाची असते. फाइल कुठवर आली ते बघायला आपण अधिकाऱ्याला जाऊन भेटतो. इथे निर्णय झोनिंग बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंट घेतं. गावातले नेमलेले सात नागरिक, शिवाय काही पर्यायी सदस्य, संध्याकाळी म्युनिसिपल बिल्डिंगमध्ये उघड सुनावणी घेतात. साक्षी शपथेवर होतात, शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो. त्या बाबतीत हे लोक न्यायाधीशाच्या भूमिकेत असतात. म्हणून बोर्डाचा एखादा सदस्य तुमच्या ओळखीचा असला, मंदिरात किंवा गणपतीच्या कार्यक्रमात भेटला, तरी अर्जाबद्दल त्याच्याशी अवाक्षर काढू नका. ज्याचा वैयक्तिक किंवा आर्थिक संबंध आहे त्या सदस्याला बाजूला व्हावं लागतं. तुमच्या बाजूचं एक मत त्या गप्पांपायी जाऊ शकतं, आणि एका मताला इथे किती किंमत आहे ते पुढे येईलच.

पहिली पायरी: जागेची कुंडली काढा

मालक किंवा ब्रोकर म्हणतो, "हा कमर्शियल झोन आहे." यावर थांबू नका. मालमत्तेचा ब्लॉक आणि लॉट नंबर घ्या, टाउनशिपच्या वेबसाइटवरचा झोनिंग नकाशा उघडा आणि त्या झोनचं प्रकरण स्वतः वाचा. कोणते उपयोग परवानगीचे, कोणते सशर्त (ठरावीक अटी पाळल्या तरच चालणारे), कोणते मुद्दाम वगळलेले, हे तिथे लिहिलेलं असतं. ऑफिसचा झोन आणि किरकोळ दुकानांचा झोन दोन्हींना लोक कमर्शियलच म्हणतात, पण ऑफिसच्या झोनमध्ये रेस्टॉरंट चालेलच असं नाही. उपयोगाचं जमलं की पार्किंगचा तक्ता बघा. ऑफिसपेक्षा रेस्टॉरंटला साधारणपणे जास्त गाड्यांची सोय दाखवावी लागते. नुसत्या धंद्याच्या बदलाने कागदावर पार्किंग कमी पडू लागतं, ते असं.

मग झोनिंग ऑफिसरकडे झोनिंग परमिटचा अर्ज करा. परमिट मिळालं तर उत्तम. नाकारलं तर त्या पत्रात कोणत्या कलमांखाली नाकारलं ते असतं, आणि पुढचा सगळा अर्ज त्या कलमांवर उभा राहतो. ऑफिसरने नियमाचा अर्थच चुकीचा लावला असं वाटत असेल तर त्याविरुद्ध बोर्डाकडे अपील करता येतं, पण त्याची मुदत फक्त २० दिवसांची आहे. पत्र आलं त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.

त्याच फेरीत क्लार्कच्या ऑफिसातून या मालमत्तेबद्दलचे बोर्डाचे जुने ठराव, म्हणजे लेखी निर्णय, मागवा. आधीच्या कुणाला व्हेरियन्स मिळालेला असेल तर तो जमिनीबरोबर राहतो, माणसाबरोबर जात नाही. त्याचा फायदा तुम्हाला मिळू शकतो आणि त्याला जोडलेल्या अटीही तुमच्याच गळ्यात येतात.

दुसरी पायरी: व्हेरियन्स खरंच लागतो का?

लागतच नसताना त्यावर पैसे घालू नयेत. दोन प्रसंग आपल्या लोकांना वारंवार भेटतात.

पहिला डे-केअरचा. राज्याचा परवाना लागणारं चाइल्ड केअर सेंटर निवासी नसलेल्या प्रत्येक झोनमध्ये परवानगीचा उपयोग मानावं, असं कायदाच सांगतो. ऑफिस पार्कमध्ये बालवाडी काढायची म्हणून उपयोगाचा व्हेरियन्स मागायला निघालेल्यांनी हे कलम आधी वकिलाकडून तपासून घ्यावं. पार्किंग, साइट प्लॅन (जागेवर काय कुठे येणार ते दाखवणारा, मंजुरी लागणारा आराखडा) वगैरे राहीलच, पण सगळ्यात अवघड कसोटी टळते.

दुसरा जुन्या चालत आलेल्या उपयोगाचा. निवासी वस्तीतल्या कोपऱ्यावर कित्येक वर्षांचं किराणा दुकान असतं. नियम नंतर आले, दुकान आधीपासून कायदेशीर होतं. असा उपयोग चालू ठेवायचा हक्क आहे. दुकान विकत घेणाऱ्याने बोर्डाकडून तसा दाखला घेऊन ठेवावा, म्हणजे पुढे वाद उठत नाही. त्या दुकानाला मागून खोली वाढवायची किंवा वर स्वयंपाकघर काढायचं तर मात्र व्हेरियन्स लागतो.

तिसरी पायरी: "सी" की "डी"?

न्यू जर्सीत व्हेरियन्सची ओळख कायद्याच्या पोटकलमावरून होते. सगळे वकील "सी व्हेरियन्स", "डी व्हेरियन्स" असंच बोलतात.

धंदा परवानगीचा आहे, पण मापं जुळत नाहीत, म्हणजे बाजूचं अंतर कमी, पार्किंग कमी, पाटी मोठी, तेव्हा तो "सी". याला हजर सदस्यांचं साधं बहुमत पुरतं. साइट प्लॅनही लागणार असेल तर तो मंजूर करणारं गावाचं दुसरं बोर्ड, म्हणजे प्लॅनिंग बोर्डच, हा व्हेरियन्सही देऊ शकतं.

धंदाच त्या झोनमध्ये बसत नसेल तर "डी". जुना, नियमाबाहेरचा उपयोग वाढवणं, सशर्त उपयोगाची एखादी अट न पाळता येणं, चटई क्षेत्राचं प्रमाण किंवा घरांची घनता ओलांडणं, आणि मुख्य इमारतीची उंची मर्यादेपेक्षा १० फूट किंवा १० टक्क्यांहून जास्त होणं, हेही "डी"तच येतं. "डी" फक्त झोनिंग बोर्ड देऊ शकतं (काही छोट्या गावांत दोन्ही कामं एकच बोर्ड करतं), आणि त्याला किमान पाच होकारार्थी मतं लागतात. सात बसले तर पाच, सहा बसले तर पाच, पाचच बसले तरी पाच. गैरहजर सदस्य व्यवहारात तुमच्या विरोधात मोजला जातो. म्हणून त्या संध्याकाळी पाचच जण आले असतील तर सुनावणी पुढे ढकलायची विनंती करावी का, हे वकिलाशी आधीच ठरवून ठेवा. एखाद्या बैठकीला न आलेला सदस्य त्या बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकून, तसं लेखी देऊन नंतर मत देऊ शकतो. हेही ध्यानात असू द्या.

चौथी पायरी: पुरावा जागेचा

या सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे. अर्जदार बोर्डापुढे उभा राहतो आणि सांगतो की आम्ही बचत घातली आहे, गावात मराठी जेवण कुठे मिळत नाही, दोन माणसांना काम देऊ. सगळं खरं असतं, आणि कायद्याच्या कसोटीत त्यातलं जवळजवळ काहीच मोजलं जात नाही. बोर्डाला एवढंच बघायचं असतं की या जमिनीत, या इमारतीत असं काय आहे की नियमाला अपवाद करावा. मालकाची आर्थिक अडचण ही कायद्याच्या अर्थाने अडचण नाही.

"सी"ला दोन वाटा आहेत. एक अडचणीची: लॉट फार अरुंद, उथळ किंवा वेड्यावाकड्या आकाराचा, जमिनीला उतार, मधून ओहोळ, किंवा आधीपासून कायदेशीर उभी असलेली इमारत अशा जागी की नियम तंतोतंत पाळणं अवघड. दुसरी वाट फायद्याची: नियमापासून थोडं ढळल्याने कायद्याचाच एखादा हेतू पुढे जातो आणि होणारा फायदा नुकसानीपेक्षा बराच मोठा असतो. हा फायदा परिसराला व्हायला हवा, असं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या कॉफमन खटल्यात स्पष्ट केलं. मोडका डांबरी पट्टा काढून झाडं लावणार, रस्त्यावर उघडणारी दोन प्रवेशद्वारं एक करणार, पावसाच्या पाण्याचा निचरा सुधारणार, या गोष्टी इथे उपयोगी पडतात.

"डी"मध्ये "विशेष कारणं" सिद्ध करावी लागतात. शाळा, रुग्णालय, चाइल्ड केअर सेंटर यांसारखे उपयोग मुळातच लोकहिताचे मानले जातात आणि त्यांची वाट सोपी असते. दुकान, रेस्टॉरंट, बँक्वेट हॉल यांना ती सोय नाही. त्यांना दाखवावं लागतं की ही जागा या धंद्यासाठी विशेष योग्य आहे. १९८७ च्या मेडिची निकालापासून आणखी एक प्रश्न चुकवता येत नाही: गावाने हा उपयोग या झोनमधून वगळला आहे, मग तुमची मागणी गावाच्या त्या निर्णयाशी जुळते कशी? त्याचं उत्तर मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे गावाच्या विकास आराखड्यात, शोधायचं असतं. गावाने त्याचा अलीकडचा फेरआढावा कधी घेतला, त्यात या रस्त्याबद्दल काय म्हटलं, झोन ठरल्यापासून आजूबाजूला काय बदललं, हे तुमच्या प्लॅनरने (नियोजन तज्ज्ञाने) ओळ न् ओळ वाचलेलं असलं पाहिजे.

सशर्त उपयोगाची एखादी अट सुटत असेल, समजा ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेची लांबी कमी पडते, तर पाच मतं लागतातच, पण पुरावा हलका आहे. अट मोडूनही जागा त्या उपयोगाला योग्यच राहते, एवढं दाखवावं लागतं. १९९४ च्या कॉव्हेंट्री स्क्वेअर निकालाने हा फरक केला.

शिवाय "सी" असो वा "डी", आणखी दोन गोष्टी दाखवाव्याच लागतात: सार्वजनिक हिताला मोठा धक्का लागत नाही आणि झोनिंगच्या योजनेच्या हेतूला मोठी बाधा येत नाही.

उदाहरण घेऊ. समजा, ऑफिसच्या झोनमधली बंद पडलेली बँकेची इमारत आहे आणि तिथे थालीपीठ, मिसळ, पुरणपोळीचं रेस्टॉरंट काढायचं आहे. "लोकांना हे जेवण हवंय" हा मुद्दा फार दूर नेणार नाही. हे मुद्दे नेतील: कोपऱ्यावरचा लॉट, दोन रस्त्यांवरून प्रवेश, आधीपासून असलेलं पार्किंग जे संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी रिकामं असतं, एका बाजूला आधीच दुकानं असल्याने धंद्यांची रांग पुढे सरकणं, ड्राइव्ह-थ्रूची मार्गिका काढून तिथे हिरवा पट्टा. प्रत्येक मुद्दा जागेबद्दल आहे. तिथे उद्या दुसरं कुणी रेस्टॉरंट काढलं तरी तो तितकाच खरा राहील. आपला मुद्दा कामाचा आहे का, हे असंच तपासून बघा.

पाचवी पायरी: लीज आणि माणसं

लीज किंवा खरेदीच्या करारात मंजुरीची अट घालून घ्या: सगळ्या मंजुऱ्या मिळाल्या आणि त्यांवर अपील करायची मुदतही उलटली, तरच भाडं सुरू होईल. मालक लगेच मानेल असं नाही. निदान भाड्यात सवलत किंवा ठरावीक मुदतीनंतर करार सोडायचा हक्क तरी मागा. अर्जावर मालकाची संमती लागते, तीही याच वेळी लेखी घ्या.

धंदा एलएलसी किंवा कॉर्पोरेशनच्या नावावर असेल तर बोर्डापुढे तुम्ही स्वतः बाजू मांडू शकत नाही, वकील लागतोच. १० टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असलेल्यांची नावंही जाहीर करावी लागतात. वकिलाबरोबर इंजिनिअर लागतो, तो नकाशे करतो. "डी"ला प्लॅनर जवळजवळ अनिवार्य समजा. न्यू जर्सीत प्लॅनर हा राज्याचा परवाना असलेला व्यावसायिक आहे आणि वर सांगितलेल्या कसोट्यांवर बोलायचं काम त्याचं. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, प्लॅनरवर नको. आणि ज्या बोर्डापुढे जायचं त्या बोर्डापुढे नेहमी उभा राहणारा वकील शोधा.

खर्चात अर्जाच्या फीशिवाय एस्क्रो असतो. बोर्डाचा इंजिनिअर आणि प्लॅनर तुमचा अर्ज तपासतात, त्यांचं बिल या रकमेतून जातं. ती संपली की पुन्हा भरायला सांगतात. हिशेब मागायचा हक्क तुम्हाला आहे, तो वापरा.

सहावी पायरी: अर्ज

प्रत्येक टाउनशिपची चेकलिस्ट असते. त्यातलं एकही कलम मोघम सोडू नका. नकाशे, मालमत्तेचा कर भरल्याचा दाखला, मालकीची माहिती, मागितलेल्या प्रत्येक सवलतीची यादी, असं सगळं त्यात येतं. अर्ज पूर्ण आहे की नाही हे ४५ दिवसांत सांगावं लागतं. पूर्ण ठरल्यावर बोर्डाला निर्णयासाठी १२० दिवस असतात, पण बोर्ड मुदतवाढ मागतं आणि अर्जदार बहुधा देतो. ती नाकारून नाराजी ओढवून घेण्यात शहाणपण नसतं. अर्ज दाखल झाल्यानंतर गावाने झोनिंगचे नियम बदलले तरी सामान्यतः दाखल करतानाचेच नियम तुमच्या अर्जाला लागू राहतात, हे २०११ पासूनचं संरक्षण आहे.

मोठा खर्च टाळायचा एक मार्ग बरेच जण विसरतात. "डी" लागत असेल तर आधी फक्त उपयोगाचा निर्णय मागता येतो आणि तो मिळाल्यावर साइट प्लॅन आणता येतो. इंजिनिअरिंगचे सविस्तर नकाशे नंतर. पण पार्किंग आणि वाहतूक हाच वादाचा मुद्दा असेल तर बोर्डाला नकाशे पाहिल्याशिवाय मत देणं अवघड जातं, तेव्हा सगळं एकत्र नेलेलं बरं.

सातवी पायरी: नोटीस

अर्ज बुडवणारी सगळ्यात किरकोळ चूक नोटिशीत होते. मालमत्तेपासून २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना, सुनावणीच्या किमान १० दिवस आधी, हातोहात किंवा सर्टिफाइड पोस्टाने नोटीस द्यायची. मालकांची यादी टाउनशिपकडून अधिकृतच घ्या, ती ७ दिवसांत द्यावी लागते. काउंटीच्या रस्त्यावर जागा असेल तर काउंटी प्लॅनिंग बोर्डाला, राज्याच्या हायवेवर असेल तर राज्याच्या वाहतूक विभागाला, आणि २०० फुटांत शेजारच्या गावाची हद्द येत असेल तर त्या गावाच्या क्लार्कलाही. शिवाय जाहीर नोटीस अधिकृत रीतीने प्रसिद्ध करायची, ती कुठे करायची हे बोर्डाच्या सचिवाला विचारा.

नोटिशीत साध्या माणसाला कळेल असं लिहा. १९९६ च्या पर्लमार्ट खटल्यात नोटिशीत नुसतं "कमर्शियल लॉट" असं मोघम लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात मोठं शॉपिंग सेंटर येणार होतं. ती नोटीस अपुरी ठरली. रेस्टॉरंट असेल तर रेस्टॉरंट लिहा, दारू देणार असाल तर तेही लिहा. चुकीच्या नोटिशीवर बोर्डाला सुनावणी घ्यायचा अधिकारच राहत नाही आणि मिळालेली मंजुरी कोर्टात उडू शकते.

आठवी पायरी: शेजारी

नोटीस पोचायच्या आधी शेजाऱ्यांना जाऊन भेटा. बोर्डाच्या सदस्यांशी बोलायचं नाही, शेजाऱ्यांशी बोलायला काहीच हरकत नाही, उलट बोलावंच. त्यांची काळजी बहुतेक ठिकाणी सारखीच: आपल्या दारात गाड्या लागतील, रात्री उशिरा आवाज होईल, कचऱ्याचे डबे उघडे राहतील, फोडणीचा वास घरात येईल. शेवटच्या मुद्द्याने आपल्याला लागतं, हे खरं आहे. तरी चिडू नका. त्याला तांत्रिक उत्तर आहे: चांगल्या प्रतीचा एक्झॉस्ट, गंध कमी करणारे फिल्टर, आणि एक्झॉस्टचं तोंड घरांच्या विरुद्ध दिशेला. हे नकाशात दाखवा आणि अट म्हणून आपणहून स्वीकारा. कचऱ्याला भिंतीची बंदिस्त जागा, माल उतरवायच्या वेळा, दिव्यांचा प्रकाश खाली वळवणं, हेही तसंच.

समर्थनाच्या सह्या गोळा करत बसू नका. सही करणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून त्या कागदाला फारसं वजन नसतं. त्यापेक्षा २०० फुटांत राहणारा एक शेजारी स्वतः येऊन दोन वाक्यं शपथेवर बोलला तर बोर्ड ऐकतं.

नववी पायरी: सुनावणीची संध्याकाळ

क्रम साधारण असा: वकिलाची ओळख, मग तुम्ही, मग इंजिनिअर, लागला तर वाहतूक तज्ज्ञ, शेवटी प्लॅनर. प्रत्येकानंतर बोर्ड आणि लोक प्रश्न विचारतात. तुमचं काम धंदा कसा चालेल ते आकड्यांत सांगायचं: किती खुर्च्या, किती कामगार एका पाळीत, किती वाजता उघडणार-बंद होणार, माल आठवड्यातून किती वेळा कोणत्या गाडीने येणार, कचरा कधी उचलणार. अंदाजे बोलू नका आणि जास्तीचं कबूलही करू नका. शपथेवर सांगितलेलं प्रत्येक वाक्य ठरावात अट बनून येऊ शकतं. "शनिवारी कीर्तन, वाढदिवस असं काही ठेवू कधीतरी" असं सहज बोलून गेलात तर बँक्वेट हॉलचा नवा प्रश्न उभा राहतो. तसं करायचं असेल तर अर्जात आधीच मागा.

इंग्रजीत बोलताना अडखळत असाल तर दुभाषाची सोय आधी विचारून घ्या. कुणी विरोधात कडवट बोललं तर त्याला थेट उत्तर देऊ नका, अध्यक्षांना उद्देशून बोला. वारं विरोधात वाहतंय असं दिसलं तर मतदानाआधी वकील पुढची तारीख मागून आराखडा सुधारून आणू शकतो. एकदा नकार झाला की तोच अर्ज पुन्हा नेता येत नाही, बराच बदल दाखवावा लागतो.

निकालानंतर

मतदान झालं की काम सुरू करायची घाई करू नका. बोर्ड ४५ दिवसांच्या आत लेखी ठराव करतं, मग निर्णयाची सूचना प्रसिद्ध होते, आणि त्या प्रसिद्धीपासून ४५ दिवस कुणालाही सुपीरियर कोर्टात जाता येतं. त्या काळात बांधकाम केलंत तर जोखीम तुमची. नकार मिळाला असेल तर तीच ४५ दिवसांची मुदत तुम्हालाही आहे. मात्र कोर्ट नव्याने पुरावा घेत नाही. बोर्डाचा निर्णय मनमानी किंवा अवाजवी होता का, एवढंच रेकॉर्डवरून बघतं. म्हणून जे मांडायचं ते बोर्डापुढेच मांडलेलं असलं पाहिजे.

ठरावाचा मसुदा मंजूर व्हायच्या आधी वकिलाकडून मागून घ्या आणि प्रत्येक अट स्वतः वाचा. त्यानंतर काउंटीची मंजुरी, ५,००० चौरस फुटांहून जास्त माती उकरणार असाल तर सॉइल कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टचा (मातीची धूप रोखण्याचं काम बघणाऱ्या कार्यालयाचा) दाखला, बांधकामाचं परमिट, आरोग्य विभाग, फायर, असा क्रम लागतो. अनेक टाउनशिपच्या नियमांत व्हेरियन्स ठरावीक मुदतीत वापरला नाही तर तो संपतो, ती तारीख आजच कॅलेंडरवर घाला. ठरावाची एक प्रत दुकानात ठेवा आणि मॅनेजरला वाचायला द्या, कारण माल उतरवायची वेळ किंवा कचऱ्याचं दार यांची तक्रार आली की झोनिंग ऑफिसर तोच कागद हातात घेऊन येतो.